अंगातील आग आणि चीनचे वैद्य

तोंड आले, घसा खवखवू लागला, डोळे लाल झाले किंवा हिरडी सुजली, की चीनमधील गृहिणी ‘शांग-हुओ’ झाले असे म्हणते. शब्दशः अर्थ, आग वर चढली. मग तळलेले पदार्थ, लिची आणि दारू बंद होते, आणि दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात रस्त्यावरच्या दुकानातून कडू पाल्याचा काढा आणला जातो. ह्या काढ्याला तिकडे ‘गार चहा’ म्हणतात. चहाची पाने मात्र त्यात बहुधा नसतात. आपल्याकडेही ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा किंवा गुलकंद देणारी घरे काही कमी नाहीत, तेव्हा हे बोलणे मराठी कानाला परके वाटणार नाही. परंतु शब्द सारखा म्हणून कल्पनाही सारखी, असे मात्र नव्हे. आपले वैद्यक उष्णतेचा विचार मुख्यतः पित्ताच्या अंगाने करते. चिनी वैद्यकाची उभारणी त्रिदोषांवर नाही. त्याचा सारा विचार यिन आणि यांग ह्या जोडीवर चालतो. यांग म्हणजे ऊब, हालचाल, प्रकाश. यिन म्हणजे गारवा, ओलावा, स्थैर्य. समईची ज्योत हे यांग मानले, तर तिच्यातील तेल हे यिन. वात फार पुढे सारली तर ज्योत मोठी होते, हे खरे. पण तेल संपत आले तरीही वात भडकून जळू लागते. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा आगच दिसते. उपाय मात्र निराळे आहेत.

अंगात पेटलेली आग ह्या दोहोंपैकी कोणती, हा प्रश्न चीनच्या वैद्यांनी सुमारे सोळाशे वर्षे वादविला. त्या वादात पांडित्याची हौस पुष्कळ होती, हे नाकारता येत नाही. तथापि रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याला तापलेल्या माणसास गार औषध द्यावे की ऊबदार, एवढे त्याच घटकेस ठरवावे लागे, आणि निर्णय चुकला तर पुष्कळदा दुसरी संधी मिळत नसे. ज्यांनी ह्या शास्त्रात नवी मते मांडली, त्यांतील कित्येकांच्या घरातून आधी कोणाची तरी तिरडी निघालेली होती.

पहिलेच नाव घ्यावयाचे ते हान साम्राज्याच्या अखेरच्या काळातील झांग झोंगजिंग ह्याचे. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की, त्याचे कुळ दोनशेहून अधिक माणसांचे होते, इ. स. १९६ पासून दहा वर्षे पुरी होण्याच्या आत त्यांतील दोन तृतीयांश माणसे मरण पावली, आणि मेलेल्यांत दर दहांपैकी सात ‘शीताच्या आघाताने’ गेली. ताप आणि शीत ह्यांचा असा संबंध ऐकून नवल वाटेल. त्याची मीमांसा अशी की, थंडी बाहेरून त्वचेत शिरते, शरीरातील ऊब तिच्याशी झुंजते, आणि त्या झुंजीची धग म्हणजे ताप. म्हणून आरंभी गार औषध द्यावयाचे नाही, तर घाम आणून थंडीला आल्या वाटेने घालवावयाचे. माहुआंग नावाची काटकुळी वनस्पती, दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध, एवढ्या चार जिनसांचा त्याचा एक काढा आजही चीनमध्ये वापरात आहे. दुसऱ्या एका काढ्यावर गरम, पातळ तांदळाची पेज प्यावयाची आणि अंगावर पांघरूण घेऊन पडून राहावयाचे, असा त्याचा आदेश आहे. घाम पाझरावा, पण पाण्यासारखा वाहू नये, ही बारीक सूचनाही तो विसरत नाही.

तथापि झांग झोंगजिंग केवळ ऊब देणारा वैद्य नव्हता. थंडी आत उतरली, तिची उष्णता झाली, रोगी घामाने निथळू लागला आणि त्याला थंड पाण्याची अनावर तहान लागली, तर तो ‘पांढऱ्या वाघाचा काढा’ देई. त्यात मुख्य द्रव्य जिप्समचा दगड, सोबत एक कडू मूळ, ज्येष्ठमध आणि मूठभर तांदूळ. पांढरा वाघ हा चिनी कल्पनेत पश्चिमेचा आणि शरद ऋतूचा दैवी रक्षक. उन्हाळ्यानंतर येणारा गारवा त्या नावात आहे. ह्याच ग्रंथात एक लहानशी सूचना आढळते, आणि पुढील सर्व वादांचे बीज तीत आहे. रोग्याचे अंग भाजत असूनही तो पांघरूण मागत असेल, तर उष्णता कातडीपुरतीच असून थंडी हाडांपर्यंत पोहोचली आहे असे समजावे. आणि अंग गार असूनही तो पांघरूण झुगारून देत असेल, तर उलट समजावे. म्हणजे चिनी वैद्यकातील ‘उष्णता’ ही कातडीला हात लावून किंवा तापमापकाने मोजावयाची वस्तूच नव्हे. तहान कशाची आहे, जिभेवरचा थर पांढरा की पिवळा, नाडी भरलेली की पोकळ, मूत्र लाल की स्वच्छ, अशा साक्षी गोळा करून बसवावयाचा तो एक निवाडा आहे. साक्षी खोट्या असू शकतात, हेही त्यांना ठाऊक होते.

पुढे सुंग राजवटीत ह्या ग्रंथाला राजाश्रय मिळाला. १०६५ मध्ये सरकारी मंडळाने तो संशोधून छापविला. १०७६ मध्ये कैफेंग ह्या राजधानीत सरकारी औषधालय निघाले, आणि त्याच्या तयार गोळ्या-चूर्णांचे एक सूत्रपुस्तकही सिद्ध झाले. शेवटच्या आवृत्तीत त्यात ७८८ योग होते. वैद्याला विचारल्यावाचून, लक्षण पाहून पुस्तक उघडावे आणि गोळी विकत घ्यावी, अशी सोय झाली. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. कारण त्यांतील अनेक योग सुगंधी, तिखट आणि गरम द्रव्यांचे होते. त्याच काळातील छियेन यी नावाच्या बालवैद्याने मात्र एक साधी गोष्ट केली. जुन्या आठ द्रव्यांच्या एका गोळीतून त्याने बचनागाच्या जातीचे मूळ आणि दालचिनी, ही दोन गरम द्रव्ये काढून टाकली. लहान मुलाच्या अंगात ऊब मुळातच पुरेशी असते, मग त्याला अधिक इंधन कशाला, असा त्याचा विचार. उरलेल्या सहा द्रव्यांची गोळी समईत तेल घालणारी म्हणून पुढे थोरांनाही देऊ लागले, आणि आजही ती चीनमधील कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते.

बाराव्या शतकात उत्तर चीन जुर्चेन लोकांच्या ‘जिन’ राजवटीखाली गेला. तेथे हजियेन गावचा ल्यू वान्सू उघडपणे म्हणू लागला की, बाहेरून वारा येवो, थंडी येवो की दमटपणा येवो, शरीरात साचून राहिला की शेवटी प्रत्येकाची आगच होते. तेव्हा गार औषधांना भिऊ नका. ह्या वैद्याला सम्राटाने बोलावणे धाडूनही तो दरबारात गेला नाही. त्याच्या मताचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही; अनुयायांनी त्याचे सूत्र जेवढे ताणता येईल तेवढे ताणले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

खरी कसोटी लागली ती ली गाव ह्या गृहस्थाची. इतिहासात तो ली दोंगयुआन ह्या नावाने प्रसिद्ध आहे. जन्म ११८०, घराणे धनाढ्य. तरुणपणी त्याची आई आजारी पडली. पैशाला तोटा नव्हता, म्हणून गावातील सारे वैद्य घरी आले. एक म्हणे उष्णता आहे, दुसरा म्हणे थंडी आहे. एकाचे गार औषध पोटात गेले, मागून दुसऱ्याचे गरम गेले. अखेर रोग कोणता हे कळल्यावाचूनच ती माता वारली. त्यानंतर ह्या पुत्राने पुष्कळ द्रव्य खर्चून झांग युआन्सू ह्या नामांकित वैद्याकडे अध्ययन केले. १२०२ मध्ये तो जियुआन येथे करवसुलीचा अधिकारी असताना तोंड आणि डोके सुजविणाऱ्या एका साथीने लोक मरू लागले. तेव्हा त्याने अतिशय कडू आणि गार मुळांचा एक योग सिद्ध केला, आणि तो कोरवून लोकांच्या वर्दळीच्या ठिकाणी लावविला, अशी नोंद आहे. हे मुद्दाम सांगावयाचे कारण की, पुढे ऊबदार औषधांचा पुरस्कर्ता म्हणून ज्याला लोक ओळखू लागले, त्यानेच आरंभी आग विझवून दाखविली होती.

१२३२ च्या वसंतात मंगोल सैन्याने कैफेंगला वेढा घातला. जिन दरबार त्या वेळी तेथेच होता, आणि आसपासचे लोक जीव वाचविण्यासाठी तटाच्या आत येऊन दाटले होते. ली दोंगयुआनही आत होता. वेढा सुमारे अर्धा महिना चालून उठला. आणि मग माणसे मरू लागली. नगराला बारा वेशी होत्या. प्रत्येक वेशीतून दररोज कमीत कमी एक हजार आणि जास्तीत जास्त दोन हजार प्रेते बाहेर जात, आणि हे जवळजवळ तीन महिने चालले होते, असे तो स्वतः लिहितो. जिन राजवटीच्या इतिहासात पन्नास दिवसांत नऊ लाखांहून अधिक प्रेते बाहेर नेल्याची नोंद असून, ज्यांना पुरावयाचीही ऐपत नव्हती ते गरीब ह्या मोजणीत नाहीत, असे वर म्हटले आहे. जुन्या इतिहासातील आकडे जपूनच घ्यावे लागतात. पण दोन स्वतंत्र लेखण्यांनी सांगितलेली ही गोष्ट घडली नव्हती, असे म्हणता येणार नाही.

वैद्यांनी काय केले? ताप दिसला की ‘शीताचा आघात’ म्हणावयाचे, आणि जुन्या पोथीप्रमाणे घाम आणावयाचा. घामाने उतरला नाही तर जुलाब द्यावयाचा. ली दोंगयुआनच्या मते ह्या औषधांनीच लोक मारले. त्याचे म्हणणे असे. हे लोक बाहेरच्या थंडीने आजारी पडलेलेच नव्हते. वेढ्याच्या दिवसांत खाण्याची वेळ राहिली नव्हती, पोटात कधी काही नाही तर कधी एकदम भलतेच. रात्रंदिवस श्रम, आणि मनाला अखंड धास्ती. त्यामुळे प्लीहा आणि जठर, म्हणजे अन्नापासून बळ निर्माण करणारी शरीराची चूलच, खचली. वर उठावयाचे बळ खाली बसले आणि खाली राहावयाची आग वर भडकली. अशा आगीला त्याने ‘यिन-अग्नी’ म्हटले. वरवर पाहता तापच; पण खाली इंधन नाही. त्या देहाला घाम आणणे किंवा जुलाब देणे म्हणजे उपाशी माणसाच्या हातातले शेवटचे भांडेही काढून नेण्यासारखे होते.

ह्यावर त्याने काढलेला उपाय त्या काळच्या माणसाला चक्रावून टाकणारा होता. ताप आहे, आणि औषध गोड व ऊबदार! ‘मध्य बळकट करून बळ वाढविणारा काढा’ असे त्याचे नाव. त्यात जिनसेंग, ज्येष्ठमध, हुआंगछी नावाचे मूळ, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळविलेली साल आणि आणखी काही द्रव्ये असत. दोन ताप वेगळे कसे ओळखावे, ह्याच्या खुणाही त्याने सविस्तर लिहून ठेविल्या. बाहेरून आलेल्या आघातात हाताची पाठ तापते आणि तळवा तितका तापत नाही. आतून खचलेल्या माणसाचा तळवा तापतो आणि पाठ तापत नाही. एका तापात रोग्याचा आवाज भरलेला, दुसऱ्यात दमलेला. आज ह्या खुणा कोणी प्रमाण मानणार नाही. परंतु गावातील वैद्य एका आईच्या खाटेभोवती भांडत असताना जो पाहत उभा होता, त्याने दोन वैद्यांचे एकमत होईल अशी काही तरी खूण शोधावी, ह्यात नवल नाही. बाहेरील आणि आतील आघातांचा भेद सांगणारा त्याचा ग्रंथ १२४७ मधील, आणि प्लीहा-जठरावरचा १२४९ मधील. १२५१ मध्ये तो वारला.

कैफेंगची ती साथ प्लेगची असावी, असे काही आधुनिक इतिहासकार मानतात. ते खरे असेल तर घामाचे औषध, जुलाबाचे औषध आणि जिनसेंगचा काढा, ह्यांपैकी कशानेही फारसे कोणी वाचले नसते. आणि ली दोंगयुआनचे निदान त्या साथीपुरते चुकले, असे म्हणावे लागेल. असे असले तरी भुकेने आणि भीतीने मोडलेल्या शरीरावर तीव्र औषधांचा मारा करू नये, हा त्याचा आग्रह चुकीचा ठरत नाही.

ह्यानंतर शंभर वर्षांनी प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. दक्षिणेकडील यीवू येथील झू झेन्हेंग, प्रसिद्ध नाव झू दान्शी, हा मूळचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. तो तीस वर्षांचा असताना आई आजारी पडली, तेव्हा प्राचीन वैद्यकग्रंथ उघडून तो स्वतःच शिकू लागला, आणि काही वर्षांनी त्याने तिला बरे केले. मागे वळून पाहताना त्याच्या ध्यानात आले की, आपले वडील, दोन काका, धाकटा भाऊ आणि पत्नी, एवढी सगळी माणसे रोगाने नव्हे, तर चुकीच्या औषधाने गेली. हे वाक्य लिहिताना त्याला किती यातना झाल्या असतील, ते त्याच्या प्रस्तावनेत लपून राहत नाही. पुढे, वयाची चाळिशी उलटल्यावर, १३२५ च्या सुमारास तो हांगझोऊ येथे लुओ झीती नावाच्या वृद्ध, विक्षिप्त वैद्याच्या दारी गेला. हा वृद्ध कोणाला शिष्य करून घेत नसे. झू दान्शी महिनोन्महिने त्या दाराशी हात जोडून उभा राहिला, तेव्हा कोठे दार उघडले.

झू दान्शीचा रोख सुंग काळापासून चालत आलेल्या त्या सरकारी सूत्रपुस्तकावर होता. सुखवस्तू घरांतून सुगंधी, गरम गोळ्या मिठाईसारख्या खाल्ल्या जात. त्यांनी माणसाच्या अंगातील ओलावा जळून जातो, असे त्याने स्वतंत्र पुस्तक लिहून बजावले. त्याचा सिद्धांत असा की, मनुष्यदेहात यांग नेहमीच अधिक आणि यिन नेहमीच अपुरे असते. सूर्य सदा पूर्ण, चंद्र मात्र वाढतो आणि घटतो. तद्वत माणसाचे यिन तारुण्यात उशिरा भरते आणि म्हातारपणाच्या आधीच ओसरते. मधल्या तीसएक वर्षांत माणूस वासना, क्रोध आणि खादाडपणा ह्यांनी आतली आग फुंकीत बसतो. यकृत आणि मूत्रपिंडात वसणाऱ्या ह्या आगीला चिनी वैद्य ‘मंत्री-अग्नी’ म्हणत. हृदयातील अग्नी हा राजा. मंत्री आपल्या जागी असेपर्यंत राज्य सुखाने चालते, तो उठला की राज्य जळते. ह्या विचारात वैद्यकापेक्षा नीतिशास्त्र अधिक आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. झू दान्शीने ते लपविलेलेही नाही. औषध म्हणून तो कडू साली-मुळांसोबत कासवाच्या पोटाकडील कवच, डुकराच्या कण्यातील मज्जा आणि मध देई. पाणी ओतून आग विझवावयाची नाही, तेल घालून वात शांत करावयाची, असा त्याचा भाव.

काळाचा न्याय असा विचित्र की, गरम औषधांच्या अतिरेकाविरुद्ध लिहिणाऱ्या झू दान्शीच्या अनुयायांनी गार औषधांचा अतिरेक केला, आणि मग सतराव्या शतकाच्या आरंभी झांग ज्येबिन नावाच्या वैद्याला उठून सांगावे लागले की, बाबांनो, ऊब म्हणजेच जीवन आहे, ती अशी विझवू नका.

त्याआधी ली शिझेन ह्याची एक आठवण सांगणे अगत्याचे आहे. वनौषधींचा जो प्रचंड कोश त्याने १५७८ मध्ये पुरा केला आणि जो त्याच्या मृत्यूनंतर १५९६ मध्ये नानजिंग येथे प्रसिद्ध झाला, त्यात एका मुळाचे वर्णन करता करता तो आपली हकीकत सांगतो. विशीत असताना त्याला खोकला झाला, अंग आगीसारखे भाजू लागले, रोज वाटीभर कफ पडे, झोप आणि अन्न दोन्ही गेली. महिनाभर औषधे चालली आणि प्रकृती अधिकच ढासळली. तो मरणार, असे सर्वांना वाटले. तेव्हा वैद्य असलेल्या त्याच्या वडिलांना ली दोंगयुआनचे एक वचन स्मरले, आणि त्यांनी त्या एकाच कडू, पिवळ्या मुळाचा काढा दिला. दुसऱ्या दिवशी ताप गेला. ऊबदार औषधांच्या आचार्याने लिहून ठेविलेल्या एका गार औषधाने चीनचा सर्वांत मोठा औषधकोशकार वाचला! संप्रदायांची नावे अशी पुष्कळदा फसवी असतात.

ह्याच कोशातील एक पान गोव्याशी जोडलेले आहे. जुन्या चिनी ग्रंथांत उपदंशाचे वर्णन नाही, तो अलीकडे दक्षिणेच्या किनाऱ्याकडून पसरला, असे ली शिझेन नोंदवितो, आणि ओलसर उष्णतेचे विष साचून तो होतो, असे कारण देतो. पारा देऊन झटपट बरे करणाऱ्या वैद्यांवर त्याचा राग आहे. त्याला पसंत होते ते एका वेलीचे गाठाळ मूळ. ह्या जातीचे मूळ १५३५ च्या सुमारास चीनकडून जहाजांनी गोव्यात येऊ लागले. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात त्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. युरोपात सम्राट पाचव्या चार्ल्सने ते घेतले, आणि शरीरशास्त्रज्ञ वेसालियसने १५४६ मध्ये त्यावर एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केले. आपल्याकडे ते चोपचिनी म्हणून ओळखले जाते. रेवाचिनी आणि दालचिनी ह्या शब्दांतली ‘चिनी’ही त्याच देशाची. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त फिरंग रोगावर चोपचिनी सांगितली आणि तिला द्वीपांतरवचा असे संस्कृत नाव दिले. गंमत अशी की, ली शिझेनच्या मते हे मूळ उष्णही नव्हे आणि शीतही नव्हे, परंतु उष्णतेचे विष काढणारे आहे. भावमिश्राच्या मते ते उष्ण आहे. मूळ तेच, रोगही तोच, पण हिमालयाच्या अलीकडे आणि पलीकडे त्याचा गुण बदलला.

१६४१ मध्ये उत्तर आणि मध्य चीनमध्ये पुन्हा मोठी साथ आली. सूझोऊजवळचा वू यौशिंग ह्याने तीत तेच पाहिले, जे ली दोंगयुआनने चारशे वर्षांपूर्वी पाहिले होते: वैद्य जुनी पोथी उघडीत होते आणि माणसे मरत होती. पण त्याचा निष्कर्ष अगदी वेगळा. १६४२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात तो म्हणतो की, हा रोग थंडीचा नव्हे, उन्हाचा नव्हे, दमटपणाचाही नव्हे. एक वेगळाच विषारी वायू तोंडानाकावाटे शिरतो. प्रत्येक साथीचा असा वायू निराळा असतो, म्हणून तर बैल आजारी पडतात तेव्हा मेंढ्या धड असतात, आणि कोंबड्या मरतात तेव्हा बदके मरत नाहीत. सूक्ष्मजंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध होण्यापूर्वी दोन शतके केलेले हे निरीक्षण आहे. ते जंतुशास्त्र नव्हे, पण त्याच्या तीक्ष्णपणाला दाद दिलीच पाहिजे. त्याच्या मुख्य काढ्यातील पहिले द्रव्य कोकण-गोव्याच्या माणसाला ऐकून आनंद होईल असे आहे: सुपारी.

ह्या मार्गाने पुढे ‘उष्ण रोगां’चा संप्रदायच उभा राहिला. अठराव्या शतकात सूझोऊच्या ये त्येन्शीने सांगितले की, अशी उष्णता चार थरांतून आत उतरते: प्रथम शरीराच्या बाहेरील पहाऱ्यात, मग बळात, मग पोषक रसात आणि शेवटी रक्तात. कोणत्या थरात ती आहे, हे तो जिभेवरून वाचीत असे. वू जूतोंग हा त्याच्यानंतरचा. एकोणिसाव्या वर्षी त्याचे वडील वारले. बापाचा रोग कळला नाही ह्या लाजेने तो वैद्यकाकडे वळला. पुढे पुतण्याही तापाने गेला. पेकिंगला राजग्रंथालयाच्या नकलांवर काम करीत असताना वू यौशिंगचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. १७९३ मध्ये राजधानीत उष्णज्वराची साथ आली, तेव्हा मित्रांनी आग्रह केला म्हणून त्याने रोगी घेतले. बरेचसे आधीच चुकीच्या औषधांनी बिघडलेले होते, तरी कित्येक डझन माणसे वाचली, असे तो सांगतो. १८१३ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथातील एक चूर्ण हनीसकल नावाच्या वेलीच्या फुलांचे आहे. ते उकळताना सुवास सुटला की लगेच उतरावे, जास्त उकळू नये, अशी त्याची सूचना आहे.

हा वाद विसाव्या शतकातही संपला नाही. १९५४ आणि १९५५ मध्ये शिज्याझ्वांग शहरात मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा तेथील वैद्यांनी पांढऱ्या वाघाचा जिप्समयुक्त काढा वापरून यश मिळाल्याचे सांगितले, आणि सरकारने त्याची मोठी वाखाणणी केली. १९५६ मध्ये पेकिंगला तोच काढा लागू पडेना. तेव्हा पू फूझोऊ ह्या वृद्ध वैद्याने सांगितले की, ह्या वर्षी पाऊस फार झाला आहे, उष्णतेत ओल मिसळली आहे, औषध बदला. शास्त्रीय चाचणीच्या दृष्टीने ह्या दोन्ही हकीकतींचे मोल थोडे आहे, कारण औषध न घेतलेल्या रोग्यांशी पद्धतशीर तुलना त्यांत नव्हती. पण विचार करण्याची रीत मात्र १२३२ चीच आहे.

वू जूतोंगच्या ग्रंथातील आणखी एक काढा छिंगहावचा आहे. ही वनस्पती आपल्या चैत्रातल्या दवण्याच्याच प्रजातीतली. रात्री ताप, सकाळी अंग गार, म्हणजे आग यिनच्या आत दडून बसली आहे, अशा वेळी तो ही वनस्पती मऊ पाठीच्या कासवाच्या कवचासह देई, हिवतापातही देई. ह्याच वनस्पतीवर तू योयो ह्या संशोधिका १९७१ मध्ये पेकिंगला काम करीत होत्या. उकळून काढलेला अर्क कधी लागू पडे, कधी पडत नसे. चौथ्या शतकातील ग हुंग ह्याच्या एका पुस्तिकेत हिवतापावर मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यावा असे लिहिले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. उष्णतेने औषधाचा नाश होत असावा, असे त्यांच्या मनात आले, आणि केवळ ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये त्यांनी अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने प्रयोगातील उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे सारे परोपजीवी नाहीसे केले. १९७२ मध्ये तो अर्क त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून मिळालेल्या आर्टेमिसिनिनबद्दल २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य परोपजीवी मारते. यिनमध्ये दडलेल्या आगीबद्दल ते काहीच सांगत नाही. वू जूतोंगच्या ग्रंथात त्या काढ्याची कृती अशी आहे: पाच पेले पाणी घ्यावे, आणि दोन पेले उरेपर्यंत उकळावे.